डबी पडली नाही

तेजरामनं वायर ओढली तेव्हा आभाळ अजून एकदाही गर्जलं नव्हतं. पवनी गावाच्या अंगाला काळं धरून आलं होतं, एवढंच. पुढे सगळ्या गावानं आपल्या मनानं ठरवून टाकलं की विजेच्या भीतीनं म्हाताऱ्यानं घाई केली, आणि तसं नव्हतं हे सांगायला तेजरामची जीभ काही उचलली नाही.

दिवस शुक्रवारचा होता. लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता, उशिराचा भारी धान अजून शेताच्या बांध्यांत हिरवा उभा होता. दीपमाला सकाळी लवकर उठून, जेवण न करताच लॅपटॉपसमोर बसली होती. ही तेजरामची सून. तिचा नवरा संघपाल दोन वर्षांमागं भादव्यात बांधीचं पाणी पाहायला गेला, आभाळ गरजलं म्हणून मोहाच्या झाडाखाली थांबला, आणि तिथंच विजेनं त्याला गाठलं. तेव्हापासून त्या घराची एक रीत झाली होती. लांब कुठं गडगड झाली की बायजाबाई हातातलं काम टाकून धावे आणि घरातली एकूणएक वायर भिंतीतून उपसून खाटेवर गुंडाळून ठेवी. टीव्हीची, पंख्याची, मोबाइलची. बटन बंद केलं तरी पुरते, असं वायरमननं दोनदा समजावलं होतं. पण ज्या बाईचा मुलगा गेला तिला वायरमन काय समजावणार?

नवरा गेल्यावर दीपमाला माहेरी गेली नाही. नागपूरच्या एका संस्थेचं काम तिला मिळालं. लाखांदूर तालुक्यातले जुने तलाव मोजायचे, त्यांची पाळ किती लांब, गाळ किती, पाणी सोडायचं दगडी तोंड कुठं आणि कोणत्या हालतीत, हे सगळं लिहायचं आणि फोटो काढायचे. दीड वर्ष ती उन्हातान्हात फिरली. त्रेसष्ट तलाव झाले. ती दगडी तोंडं बारा महिन्यांतले अकरा महिने पाण्याखाली असतात, मे महिन्यात तलाव आटला की तेवढी दिसतात. त्या मे महिन्यात बाई रोज पहाटे निघून तलावाच्या भेगाळल्या पोटातून चालत होती. ते सगळं एका काळ्या डबीत होतं. हार्ड डिस्क म्हणतात तिला, पण घरात डबीच म्हणत. संस्थेचा लॅपटॉप जुना, त्याच्या पोटात जागा नव्हती, म्हणून जे काही होतं ते त्या डबीतच.

सोमवारी डबी नागपूरला द्यायची होती. काम पसंत पडलं तर तिथल्या हापिसात दीपमालाची नेमणूक पक्की, असं मॅडमनी सांगितलं होतं. तिनं नागपुरात खोलीसुद्धा पाहून ठेवली होती. तेजरामला धास्ती होती ती त्याचीच. एकोणतीस वर्षांची बाई, मूलबाळ नाही. नागपूरला गेली की ती परत कशाला येईल? आणि का यावं तिनं? दुसऱ्याच्या सुनेबद्दल त्यानंच पारावर बसून म्हटलं असतं की जाऊ द्या, तिचं आयुष्य आहे. पण ही दुसऱ्याची सून नव्हती. ही गेली की त्या घरात दोन म्हातारी माणसं आणि भिंतीवरचा संघपालचा फोटो, एवढंच उरणार होतं.

दुपारी तिला तलाठ्याच्या सहीसाठी लाखांदूरला जाणं भाग होतं. डबीवर शेवटची जमवाजमव चालू होती, तिला आणखी दोन तास लागणार होते. तिनं सासऱ्याला समोर बसवलं. साठी उलटल्यावर तेजरामला अक्षरओळख झाली होती, ती तिनंच करून दिलेली. संघपाल गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात, दोघांनाही दुपार खायला उठत असे तेव्हा, ती त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची. त्याला वाचता यावं म्हणून लॅपटॉपही तिनं मराठीत करून ठेवला होता.

“पडद्यावरची हे पट्टी भरली का इथं कोपऱ्यात दाबजा, बाबा. मंग बारीक चित्र दिसते, त्याच्यावर दाबजा. ‘आता काढता येईल’ असं आलं तरच वायर काढजा.”

“अन् नाही आलं तं?”

“‘वापरात आहे’ असं आलं तं उघडं असन ते बंद करा, अन् आणखी एक डाव पाहा. तरी तेच आलं तं हात नोका लावू. राहू द्या तशीच. मी येऊन पाहीन.”

“अन् गर्जलं तं?”

“गर्जलं तं बोर्डाचं बटन बंद करा. लॅपटॉपची भिंतीतली पिन काढा. पर डबीची वायर नाही. लॅपटॉप ब्याटरीवर चालते, त्याले वीज नाही पोचत. समजलं?”

“समजलं ना. मास्तरीण बाई, पास झालो तं का देशीन?”

“आलूबोंडे.”

“दोन?”

“दातं किती आहेत त्याच्या हिशोबानं,” असं म्हणून ती हसत निघाली. सायकल दारातून बाहेर पडताना तेजराम तिच्याकडे पाहत राहिला.

तीनच्या सुमाराला पट्टी भरली. तेजरामनं चष्मा लावला, कोपऱ्यात दाबलं, चित्रावर दाबलं. पडद्यावर पाटी उमटली. तो ओठ हलवत, बोट न लावता वाचू लागला. हे डिव्हाइस सध्या वापरात आहे. ते वापरत असलेले प्रोग्राम किंवा विंडो बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

त्यानं पडद्यावर उघडी असलेली एक खिडकी बंद केली. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच पाटी आली. त्यानं ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचली. डबीचा निळा दिवा लुकलुकत होता, आतून बारीक घूं घूं येत होती. टेबलावर हात ठेवला तर ती हाताला कळत होती.

आता उठून बाहेर जायचं होतं. बायजाबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसायचं, सून येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचं. तेजराम उठला नाही. त्याच्या मनात आलं, ही डबी अडली तर सोमवार अडतो. एक सोमवार टळला तर दुसरा येईल, पण तेवढे आठ दिवस घरात चूल तीन माणसांची पेटेल. डबीतलं सगळं जावं असं त्याच्या मनात नव्हतं. त्याला वाटलं, आतलं थोडं विस्कटेल, ती बसून पुन्हा लावील. शेतात बांध फुटला तर माणूस पुन्हा बांधतो, तसं काहीतरी.

त्यानं वायर धरली आणि ओढली.

वायर सुटली नाही. खाच घट्ट होती. वायरीबरोबर डबीच टेबलावरून सरकली, हवेत लोंबली, आणि मग सुटून फरशीवर कोपऱ्यानं आपटली. आवाज फार मोठा झाला नाही. तेजरामनं चटकन वाकून ती उचलली. दिवा विझला होता. धोतराच्या सोग्यानं पुसून त्यानं ती होती तशी, होती त्याच जागी ठेवली.

त्यानंतर आभाळ गर्जलं.

“अवो!” अंगणातून बायजाबाई ओरडली. “वायरा काढा जी! आयकू नाही येऊन राहिलं का?” सूप तसंच टाकून ती आत धावली. टीव्हीची वायर उपसली, पंख्याची उपसली, आणि टेबलापाशी येऊन डबीची वायर मोकळी पडलेली पाहून तिनं छातीवर हात ठेवला. “काढली ना तुमी? बरं केलं.”

तेजरामनं डोळ्यांवरचा चष्मा काढून गळ्यात सोडला.

संध्याकाळी दीपमाला अर्धी भिजून आली. तलाठ्याची सही प्लास्टिकच्या पिशवीत आणि आलूबोंडे कागदात. वायर पाहून तिचा चेहरा उतरला, पण ती ओरडली नाही. डबी जोडली. दिवा लागला, आतून टिक्‌ टिक्‌ टिक्‌ असा आवाज आला आणि लॅपटॉपवर काहीच दिसलं नाही. काढली, पुसली, दुसऱ्या खाचेत लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. टिक्‌ टिक्‌ टिक्‌.

“मीच ओरडली वं माय,” बायजाबाई म्हणाली. “मीच म्हनलं वायरा काढा म्हणून. आभाळ दिसलं का मले काही सुधरत नाही.”

“आई, तुमचं काही नाही त्याच्यात.” मग ती सासऱ्याकडे वळली. “बाबा, तवा का लिहून आलं होतं? वाचलं होतं का तुम्ही?”

चष्मा तेजरामच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. “चष्मा बाहेर खाटेवर राहिला होता,” तो म्हणाला.

“बरं,” दीपमाला म्हणाली. आलूबोंडे थंड झाले. बायजाबाईनं ते झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना टाकले.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. सकाळीच फकिरा आला. फकिरा जातीनं धीवर, मासे धरणारा माणूस. दीपमालाला त्यानंच आपल्या डोंग्यात बसवून अर्धे तलाव दाखवले होते.

“जाऊ दे पोरी,” तो दारातच उकिडवा बसत म्हणाला. “म्हाताऱ्याले का समजते त्यातलं? मले पन नाही समजत. का गा तेजराम, तू तं म्हणे लिहाले-वाचाले शिकला, अन् वायर अशी उपटली का जशी तलावाकाठची बेशरमाची काडी!”

दारात जमलेली दोन-चार माणसं हसली. तेजरामही हसला. आपण हसलो हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं.

त्याच दिवशी, शनिवारी, दीपमाला डबी घेऊन भंडाऱ्याला निघाली. तेजराम म्हणाला मीही येतो. का येतो म्हणाला ते त्याचं त्याला ठाऊक. साकोलीवरून गाडी बदलून ती दोघं दुपारी पोचली. स्टँडच्या मागं, जिना चढून, भूपेश नावाच्या माणसाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. भूपेशच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. डबी हातात घेण्याआधी त्यानं खिडकीतून बाहेर थुंकून घेतलं.

“पहिले एक सांगा. पडली-बिडली तं नाही ना?”

दीपमालानं सासऱ्याकडे पाहिलं. त्या वेळी डबीपाशी तो एकटाच होता, तिला कुठून माहीत असणार?

“कसं आहे ताई,” भूपेश डबी उलटीपालटी करत बोलत होता, “पडली असन तं मी चालूच करत नाही. जशी आहे तशी नागपूरले पाठवतो, तिकडे खोलून पायतात, बहुत करून निघते. पर पडलेली डिस्क चालू ठेवली तं आतली सुई तव्यावर घासत जाते. मंग कोणाच्याच बापाले काही काढता येत नाही. म्हणून इचारतो. का जी काकाजी, पडली का?”

“नाही,” तेजराम म्हणाला. “टेबलावरच होती.”

“नक्की?”

“मी का खोटं बोलून राहिलो?”

“तसं नाही जी. इचारा लागते.” भूपेशनं डबी जोडली. टिक्‌ टिक्‌ टिक्‌. त्यानं कान लावला. “आवाज तं येऊन राहिला. पण पडली नाही म्हणता तं पावर कमी पोचत असन. मंग सॉफ्टवेअरचाच लफडा आहे. काम चालू असताना वायर निघाली का असं होते. लावून ठेवतो. दोन-तीन दिवस चालू राहू द्या, जे सापडन ते उचलते.”

तेजरामला दोन्ही गोष्टी ऐकू आल्या होत्या आणि दोन्ही समजल्याही होत्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबला. वर डबी वाजत होती.

“दीपा.”

“का बाबा?”

तिच्या खांद्याला ती प्लास्टिकची पिशवी होती. तिच्या चेहऱ्यावर थोडीशी आशा आली होती. सॉफ्टवेअरचा लफडा म्हणजे माणसाच्या आवाक्यातला लफडा, असं काहीतरी तिला वाटत असावं.

“काही नाही. तहान लागली होती.”

तिनं खाली जाऊन पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडून त्याच्या हातात दिली. तो सगळी बाटली प्याला.

रविवार गेला. तेजराम बांधीवर गेला, शेताच्या धुऱ्यावर बसला, परत आला. त्याला ठाऊक होतं की तिकडे डबी चालू आहे. हातातलं काम संपलं की त्याला ती आठवायची, आणि पावसानं कापणी थांबल्यामुळं काम तर काहीच नव्हतं. भूपेशला फोन करून दोन शब्द सांगितले असते तरी चाललं असतं. नंबर दुकानाच्या चिठ्ठीवर होता आणि आकडे त्याला वाचता येत होते. तो मनाशी म्हणे, आता सांगून काय उपयोग, घासायचं ते घासून झालं असेल. तासाभरानं पुन्हा तेच म्हणे. घरात बायजाबाई सुनेच्या समोर यायचं टाळत होती. ताटात भात वाढून चुलीपाशी जाऊन बसे. दोन घास खाई आणि उठे. “माह्या तोंडालेच आग लागो,” असं भांडी घासताना स्वतःशी म्हणताना तेजरामनं तिला ऐकलं आणि तो पायात चपला घालून बाहेर निघून गेला.

सोमवारी नागपूरहून मॅडमचा फोन आला. दीपमाला अंगणात उभी राहून बोलत होती. “हो मॅडम. नाही मॅडम. पाण्याचे फोटो काढता येतील, पण तोंडांचे नाही. मे महिन्याचे फोटो मेमध्येच निघतात. आता सगळे तलाव भरलेले आहेत.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून आत आली आणि सासूला म्हणाली, “बुधवारपर्यंत थांबतो म्हणाल्या. नाही तं ती जागा दुसऱ्याले देतात.”

मंगळवारी भूपेशनं बोलावलं. तेजराम पुन्हा बरोबर गेला.

भूपेशनं डबी उघडून टेबलावर ठेवली होती. आत आरशासारखा चकचकीत गोल तवा होता आणि त्याच्यावर कडेपासून आतपर्यंत करड्या रंगाचं एक वेटोळं उमटलेलं होतं. त्यानं बॅटरी मारून ते दाखवलं. मग डबीचं झाकण घेतलं आणि त्याचा एक कोपरा बोटानं दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा पोचा होता. पाहिल्याशिवाय दिसत नव्हता.

“काकाजी, हे पडली होती.”

तेजराम त्या पोच्याकडे पाहत राहिला.

“शनिवारीच सांगतलं असतं तं निघालं असतं. सगळं नाही तं आधं तरी.” भूपेशचा आवाज चढला नव्हता. उलट तो खाली आला होता. “मी तीन दिवस चालू ठेवली न जी. माह्या हातानं घासली मी हे. माफ करजा ताई, मले आवाजावरून समजाले पायजे होतं.”

“तुमचं काही नाही भाऊ,” दीपमाला म्हणाली. घरात सासूला म्हणाली होती त्याच आवाजात. डबीचे सगळे तुकडे तिनं रुमालात बांधले, पिशवीत टाकले आणि जिना उतरली. सासरा मागून येतो की नाही ते तिनं वळून पाहिलं नाही.

गाडीत ती खिडकीशी बसली. तेजराम शेजारी बसला. गर्दी होती, एका बाईची कोथिंबिरीची जुडी त्याच्या गुडघ्यावर येत होती. कारध्याच्या पुलावर गाडी चढली तेव्हा तो म्हणाला,

“पडली होती.”

“आयकलं मी.”

“चष्मा होता माह्याजवळ.”

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“वाचलं होतं. दोन डाव वाचलं.”

खाली वैनगंगा दोन्ही काठांना लागून गढूळ वाहत होती. पूल संपला, गाव मागं पडलं, तेव्हा तिनं विचारलं, “गर्जायच्या आधी?”

“आधी.”

“अन् आई ओरडल्या ते?”

“ते मागून.”

लाखनी आली. उतरणारे उतरले, चढणारे चढले. कंडक्टरनं घंटी मारल्यावर ती बोलली, आणि बोलताना समोरच्या सीटच्या दांड्याकडे पाहत होती.

“नागपूरले जाऊ नको म्हणून सांगाचं होतं मले.”

“तू गेली असती.”

“गेली असती. अन् दर रविवारी आली असती.”

तेजरामनं धोतराचा सोगा हातात घेतला आणि तो पिळत राहिला.

“तुम्हाले वाचता येत नसतं ना बाबा, तं मी एका दिवसात इसरली असती,” ती म्हणाली. “म्हातारा माणूस, समजलं नाही, झालं. मी तं तसंच समजून चालली होती. लोकायले पन तसंच सांगत होती.”

“बेटा...”

“आता नोका काही बोलू. गाडीत लोकं आहेत.”

साकोलीला गाडी बदलली. लाखांदूर जवळ आलं तसं तिनं आपलं ठरलेलं सांगितलं. लाखांदूरला अंगणवाडीच्या आनंदाबाईंच्या घरात मागची खोली रिकामी आहे, ती तिथं राहील. मिळेल ते काम करील. मे महिन्यात सगळे तलाव पुन्हा फिरेल, मग संस्था घेवो की न घेवो. “पर त्या घरातून नाही,” ती म्हणाली. “अन् आईले मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. जसं झालं तसं.”

लाखांदूरच्या स्टँडवर ती उतरली. बायजाबाईच्या गुडघ्यांसाठी भंडाऱ्याहून घेतलेली तेलाची बाटली तिनं पिशवीतून काढून त्याच्या हातात दिली आणि गर्दीत गेली.

घरी बायजाबाईनं तिघांचा भात टाकला होता. तेजराम एकटा आलेला पाहून ती दारातच उभी राहिली.

“पोरगी कुठी आहे?”

तो खाटेवर बसला आणि त्यानं सांगितलं. पाटी वाचली इथपासून सांगितलं. डबी पडली, उचलली, पुसून ठेवली. भूपेशला खोटं बोललो. आपल्या बाजूनं काही सांगावं असं एखादं वाक्य त्याला शोधूनही सापडलं नाही. बायजाबाई ऐकत होती, पण तिच्या मनात एकच गोष्ट अडकली होती.

“म्हणजे मी ओरडली त्याच्यानं नाही?”

“नाही. तू मागून ओरडली.”

ती हळूच खाली बसली. चुलीवर भात लागल्याचा वास आला तरी उठली नाही.

“पाच दिवस,” ती म्हणाली. “पाच दिवस मले त्या पोरीच्या तोंडाकडे पायता नाही आलं. घास नाही उतरला. अन् तुमी बसून मले पाहत होते.”

तेजरामनं मान खाली घातली.

“पोरगा गेला तवा मी आभाळाले शिव्या देल्या,” ती म्हणाली. “आता कोणाले देऊ?”

ती उठली, भाताचं भांडं उतरवलं, करपलेला भात तसाच झाकून ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही. तेजरामला तिनं वाढलं, पण ताट खाली ठेवून ती दुसऱ्या खोलीत गेली.

सकाळी तिनं पोतं भरलं. दीपमालाच्या साड्या घडी करून खाली, त्यावर तलावांचे कागद, मग पायलीभर तांदूळ, लाखोळीची डाळ, तिखटाची बरणी. तोंड सुतळीनं बांधलं आणि पोतं नवऱ्यासमोर ठेवलं.

“पोचवून या,” ती म्हणाली. “अन् आत जाऊ नोका. तिनं बलावलं तरी.”

आनंदाबाईंचं घर स्टँडपासून फार लांब नव्हतं. तेजराम पोतं खांद्यावर घेऊन गेला. आनंदाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.

“जय भीम. सुनेकडे आले का? या ना, बसा. बलावतो तिले.”

“नोको. कामात असन ती.”

पण त्यांनी हाक मारलीच. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दीपमाला खाली सतरंजीवर बसली होती, समोर मोठा कागद पसरलेला. ती आठवून आठवून तलावांची नावं लिहीत होती, नावाखाली पाळीची लांबी, आणि जिथं आठवत नव्हतं तिथं जागा कोरी सोडत होती. कोऱ्या जागा पुष्कळ होत्या. तिनं मान वर करून पाहिलं. उठून बाहेर आली. तेजरामनं पोतं उंबऱ्याच्या बाहेरच टेकवलं.

“आईनं देलं,” तो म्हणाला.

“आई जेवतात का?”

जेवते म्हणावं असं त्याच्या तोंडाशी आलं.

“काल नाही जेवली.”

दीपमालानं मान हलवली. पोतं तिनं स्वतःच उचलून आत नेलं, त्याला हात लावू दिला नाही. सुतळी सोडली, कागद वर काढले आणि सतरंजीवर जाऊन बसली. दार तिनं लोटलं नाही, आणि या असंही म्हटलं नाही. तेजराम थोडा वेळ तिथं उभा राहिला. मग आनंदाबाईंना येतो म्हणून तो रस्त्याला लागला.